धुवायचा डोळा आणि हात न लावायचा डोळा

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला ओपीडीच्या दारात एक आजी आली. कडेवर चारेक वर्षांची नात, तिनं डोकं आजीच्या खांद्यात खुपसलेलं, आणि दोघींच्या अंगाला साजूक तुपाचा वास. त्या वासानंच माझ्या पोटात गोळा आला. डोळ्यात काही जहाल गेलं की आमच्याकडे तूप सोडतात.

"काय गेलं डोळ्यात?"

"चुना ओ बाई. ह्यांची पुडी हुती कट्ट्यावर. पोरीनं दाबली आन् फाटकन फुटली."

"कधी?"

"मगाशीच की. चा झाला आन्..."

म्हणजे आठ-सव्वाआठ. दोन तास उलटून गेले होते.

"पाण्यानं धुतला का?"

"त्वांड पुसलं. एवढ्याशा पोरीच्या डोळ्यात पाणी कसं वतायचं? गार पडावं म्हणून तूप घाटलं."

केसपेपर नंतर काढू म्हटलं. सिस्टरना हाक मारून आरएलच्या, म्हणजे एका प्रकारच्या सलाईनच्या, बाटल्या आणि सेट मागवला. पोरीला चादरीत घट्ट गुंडाळलं, बधिर करणारा एक थेंब टाकला आणि सलाईनच्या नळीचं तोंड डोळ्यावर धरून धार सोडली. आजीनं पाय धरले होते, तिचे हात लटपटत होते. पोरगी किंचाळत होती. पहिली बाटली संपल्यावर वरची पापणी कापसाच्या काडीवर उलटी केली. आतल्या गुलाबी अस्तराला तांदळाच्या कणीएवढे तीन पांढरे खडे चिकटून बसले होते. चुना तिथंच दडून बसतो. वरून कितीही धुतलं तरी तो तिथून हळूहळू विरघळत राहतो आणि डोळा जाळत राहतो. ओल्या काडीनं ते खडे काढले, पापणी आणखी वर उचलून मागची खाच पुसली, पुन्हा धार. आम्ल की क्षार ते दाखवणारा पीएचचा कागद लावला तर तो गर्द हिरवा-निळा झाला. तिसऱ्या बाटलीनंतर त्याचा रंग चांगल्या डोळ्याच्या रंगाशी जुळला. पाच-दहा मिनिटं थांबून परत लावून बघितला, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

आजी म्हणाली, "लाल तर न्हाई झाला. बरं हाय नव्हं?"

मला तिला काय सांगावं कळेना. बुबुळाच्या खालच्या कडेला, घड्याळात चार ते सात वाजतात तेवढ्या पट्ट्यात, डोळा चिनी मातीच्या कपासारखा पांढराफट्ट होता. एकही लाल रेघ नाही. चुन्याच्या डोळ्यात लाली दिसली तर मला धीर येतो, कारण लाली म्हणजे तिथं रक्त पोचतंय. पांढरं पडणं म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या जळाल्या. आणि नेमक्या त्याच कडेवर त्या मूळपेशी असतात, ज्या आयुष्यभर बुबुळावरची पारदर्शक साय नवी करत राहतात. त्या मेल्या की पुढं फूल पडतं, म्हणजे बुबुळ पांढरं होतं.

चौथी बाटली बरोबर देऊन 108 च्या गाडीतून तिला मोठ्या रुग्णालयात पाठवली. गाडी गेटबाहेर पडल्यावर मी बराच वेळ त्या ओल्या टेबलापाशी उभी होते. त्या घराच्या अंगणात नळ आहे. आजीनंच सांगितलं, चोवीस तास पाणी असतं म्हणून.

मी सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून बावीस वर्षं काम करतेय. मी सर्जन नाही. नजर तपासणं, चष्म्याचे नंबर काढणं, मोतीबिंदूचे पेशंट शोधून शिबिराला पाठवणं हे माझं रोजचं काम. पण मार लागलेला डोळा गावाकडून निघाला की पहिल्यांदा माझ्याच टेबलावर येतो. आणि एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट उलटीपालटी होताना बघत आलेय. जो डोळा लगेच, भरपूर, न घाबरता धुवायचा असतो, तो कोणी धुवत नाही. आणि ज्या डोळ्याला बोटसुद्धा लावायचं नसतं, तो धुतात, चोळतात, पुसतात, दाबून फडकं बांधतात.

आधी धुवायच्या डोळ्याचं सांगते.

चुना, सिमेंट, बॅटरीचं पाणी, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, कपड्याचा सोडा, फवारणीचं औषध, यातलं काहीही डोळ्यात गेलं की वाहतं पाणी. डॉक्टरांकडे निघायच्या आधी, फोन लावायच्या आधी, रिक्षा बघायच्या आधी. नळ, हातपंप, शेतातल्या मोटारीचं पाणी, मडक्यातलं, बाटलीतलं, जे सगळ्यात जवळ असेल ते. उकळून गार केलेलं पाणी शोधत बसू नका. आडवं झोपवा, ज्या डोळ्यात गेलंय त्या बाजूला मान कलती करा, म्हणजे ते पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. दोन बोटांनी पापण्या ओढून उघड्या धरा, कारण माणूस आपणहून उघडणार नाही, उघडूच शकत नाही. आणि तांब्यानं धार धरा. किती वेळ? घड्याळ लावून अर्धा तास. पाच मिनिटांत रडणं थांबलं म्हणून थांबायचं नाही. चुन्याची भुकटी तोंडावर, पापणीच्या केसांत असेल तर ती आधी कोरड्यानं झटकून टाका. चुन्यावर लिंबू पिळायचं नाही, अ‍ॅसिडवर सोडा घालायचा नाही, तूप, मध, बाळंतिणीचं दूध, गुलाबपाणी, काही नाही. नुसतं पाणी.

लोकांना अ‍ॅसिडची भीती वाटते, चुन्याची नाही. पानाला लावतात, तंबाखूत मळतात, पूर्वी भिंतींना फासायचे, रोजच्या हातातला. पण डोळ्याच्या दृष्टीनं चुना जास्त वाईट. अ‍ॅसिड वरचा थर गोठवतं आणि बऱ्याचदा तो गोठलेला थरच त्याला आत जाण्यापासून अडवतो. चुना पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करत करत खाली उतरत जातो. म्हणून त्यात एकेक मिनिट मोलाचं. आणि त्या पुड्या, त्या ट्यूब लहान मुलांच्या हाताला येतील अशा ठिकाणीच असतात. कट्ट्यावर, खिशात, उशाखाली. मुलाला ती मऊ पुडी दाबायला गंमत वाटते, तोंड डोळ्यासमोर असतं. ज्यांच्या घरात आजोबा तंबाखू खातात त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, चुना फळीवर वर ठेवा, झाकणाच्या डबीत ठेवा.

आता हात न लावायचा डोळा. याचं सांगायचं तर मला आमच्या अण्णांचं सांगावं लागेल.

अण्णा म्हणजे माझे वडील, लोहार. घराला लागूनच भाता, विळे, कोयते, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या धावा, सगळं करायचे. त्यांचे डोळे घारे होते. आमच्या भावकीत तसे डोळे कोणाचेच नाहीत, त्यामुळं गावात त्यांना "घारा लोहार"च म्हणत. 1987 च्या उन्हाळ्यात, मी चौथीत होते, एका जुन्या आसाचा गंजलेला खिळा छिन्नीनं तोडताना त्यांच्या उजव्या डोळ्यात काहीतरी टचकन टोचलं. त्यांनी डोळ्यावर हात ठेवला, आई धावत आली, पदराचा बोळा करून फुंकर घालून शेकला. थोडं पाणी आलं, थोडी लाली. रक्त नाही, जखम नाही, दिसायलाही नेहमीसारखं. अण्णांनी संध्याकाळपर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी तर डोळा विसरूनही गेले.

दिवाळीत आईच्या लक्षात आलं. अभ्यंगाला तेल लावताना ती म्हणाली, "तुमचा उजवा डोळा सावळा झालाय." आम्ही सगळ्या भावंडांनी आळीपाळीनं जवळ जाऊन बघितलं. डावा घारा, उजवा तपकिरी, आणि उजव्याची बाहुली जरा मोठी. आम्हाला मौज वाटली होती. पुढं दोन वर्षांत त्या डोळ्याची नजर गेली. संध्याकाळी आधी दिसेना, मग दिवसाही. मोतीबिंदू म्हणून एका ठिकाणी दाखवलं, त्यांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. का उशीर झाला, कशाला उशीर झाला, ते कोणी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात कोणाला विचारायचं सुचलंही नाही.

मी ट्रेनिंगला असताना एका दुपारी सरांनी पडद्यावर दोन डोळ्यांचा फोटो दाखवला. एक घारा, एक तपकिरी. म्हणाले, हे लोखंडाचा कण आत राहिल्यावर होतं. हातोडा-छिन्नीच्या मारानं सूक्ष्म तुकडा गोळीसारखा उडतो, तापलेला आणि धारदार असतो, बुबुळातून सुईसारखा आरपार जातो आणि मागं कुठंतरी जाऊन बसतो. भोक इतकं बारीक की आपोआप मिटतं. मग ते लोखंड डोळ्याच्या पाण्यात गंजतं, विरघळतं, बुबुळामागच्या रंगीत पडद्यात उतरतं, बाहुली ढिली पडते, भिंगात मोतीबिंदू होतो, आणि शेवटी मागच्या पडद्यावर विषासारखं काम करतं. मी वही मिटली. त्यानंतर सरांनी काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

त्या सुट्टीत अण्णांना घेऊन एक्स-रे काढला. डोळ्याच्या खोबणीत खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. अकरा वर्षं तो तिथं होता. अण्णांनी फिल्म उजेडात धरून डाव्या डोळ्यानं बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "एवढंसंच हुतं व्हय."

म्हणून सांगते. हातोड्यानं लोखंडावर लोखंड मारताना, ग्राइंडर चालवताना, दगड फोडताना डोळ्यात काही टोचल्याची जाणीव झाली, तर दुखत नसलं तरी, नीट दिसत असलं तरी त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा आणि "हातोडा मारत होतो" हे शब्द तोंडानं सांगा. ते तीन शब्द ऐकल्यावर डॉक्टर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतात. न सांगितल्यास डोळा वरवर चांगला दिसतो म्हणून थेंब देऊन घरी पाठवला जाण्याची भीती असते. एमआरआय मात्र काढायचा नाही, त्यातलं चुंबक तो तुकडा आतल्या आत ओढतं. आणि अजून एक. छिन्नीचं डोकं मार खाऊन खाऊन अळंबीसारखं फुलतं, कडा बाहेर उलगडतात. तुकडा बहुतेक वेळा तिथूनच उडतो. त्या कडा घासून टाकायला पाच मिनिटं लागतात. अण्णा नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाची छिन्नी आधी घासून द्यायचे, पैसे न घेता.

ज्यात डोळा फुटलाय हे उघड दिसतं त्याची खूण वेगळी. बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढली जाते, पाण्याच्या थेंबासारखी टोकदार दिसते, आणि टोक जखमेकडे असतं. पांढऱ्या भागावर काळपट, तपकिरी, जेलीसारखं काहीतरी बाहेर आलेलं दिसतं. लोक त्याला कचरा समजून कापसानं काढायला जातात. तो कचरा नसतो, तो डोळ्याच्या आतला भाग असतो. गरम पाणी वाहिल्यासारखं वाटतं, नजर एकदम जाते, डोळा बसल्यासारखा दिसतो. अशा वेळी धुवायचं नाही, थेंब टाकायचे नाहीत, मलम भरायचं नाही, उघडून उघडून बघायचं नाही. काही रुतलेलं असेल तर, काटा असो की तार, ओढून काढायचं नाही.

चार वर्षांपूर्वी जवळच्या एका शाळेतून गुरुजींचा फोन आला. पाचवीतल्या मुलाला कंपासपेटीतलं कर्कटक लागलं होतं. दोघं भांडत नव्हते, एकानं मागून हाक मारली, दुसरा वळला, एवढंच. गुरुजींचा आवाज कापत होता. "मॅडम, पाणी मारू का?" मी जवळजवळ ओरडलेच, नको. म्हटलं, शाळेत चहाचे कागदी कप आहेत का? कपाचा बुडाकडचा भाग कापून घ्या आणि तो डोळ्यावर पालथा ठेवा. कड भुवईच्या हाडावर आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, डोळ्याला शिवता कामा नये. वरून चिकटपट्टी लावा. कापूस घालू नका, दाबू नका. काही खायला-प्यायला देऊ नका, पाणीसुद्धा नको, कारण भूल द्यावी लागणार. उलटी करू देऊ नका, खोकू देऊ नका, जोर पडला की आतलं बाहेर येतं. अर्धवट बसवून, हळू गाडी चालवत आणा.

गुरुजींनी अक्षर न् अक्षर तसंच केलं. मुलगा आला तो डोळ्यावर निळ्या नक्षीचा कप चिकटवून, एकदम गप्प. मी फक्त टॉर्चनं लांबून बघितलं, बाहुली नाकाकडे ओढलेली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पुढच्या ठिकाणी फोन केला, दीड तासात तो टेबलावर होता, रात्री टाके पडले. आज तो नववीत आहे आणि त्या डोळ्यानं फळ्यावरची मोठी अक्षरं वाचतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, त्या कपानं निम्मं काम केलं. मी ते गुरुजींना कळवलं. ते फोनवर काही बोललेच नाहीत.

लुई ब्रेलची गोष्ट आपण शाळेत शिकतो. 1812 साली, तीन वर्षांचा असताना, वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात आरी एका डोळ्यात लागली आणि पाच वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळे गेले. माझ्याकडे येणारे पालक विचारतात, लागलं एकाला, दुसरा कसा जाईल? पण जातो. फुटलेल्या डोळ्यातला आतला भाग उघडा पडला की क्वचित शरीर त्याला परका समजून लढायला उठतं आणि त्या लढाईत चांगल्या डोळ्यावरही हल्ला करतं. काही आठवड्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा. हे फार कमी जणांना होतं, आणि आता त्यावर औषधं आहेत. पण म्हणूनच टाके पडल्यावर "आता बरं वाटतंय" म्हणून फेऱ्या बंद करायच्या नसतात. चांगल्या डोळ्यात लाली, धुरकटपणा, उजेडाचा त्रास सुरू झाला तर त्याच दिवशी निघायचं.

चेंडूचा मार वेगळाच. आमच्याकडे उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा गल्लोगल्ली. चेंडू मऊ, म्हणून कोणी काही मनावर घेत नाही. पण जोरात आला की डोळा आतल्या आत हादरतो. पोराला बसवून समोरून बघा. रंगीत भागाच्या खालच्या कडेला रक्ताची आडवी रेघ दिसते, पाण्यात कुंकू तळाला बसावं तशी. झोपवलं की ती पसरते आणि नुसतं धूसर दिसतं, म्हणून बसवूनच बघायचं. असं दिसलं तर डोळ्यावर झाकण, डोकं उंच उशीवर, पळापळी बंद, आणि दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन द्यायचं नाही. त्यानं रक्त पुन्हा सुटू शकतं. पॅरासिटामॉल चालतं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती जास्त, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो. नेमकं तेव्हाच पोरगं बरं झालं म्हणून मैदानावर जातं. हे रक्त विरल्यावरही गोष्ट संपत नाही. डोळ्यातलं पाणी जिथून निचरा होतं तो कोपरा फाटलेला असला तर दहा-पंधरा वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो, कसलंही दुखणं न होता. मार लागलेल्या डोळ्याचा दाब दरवर्षी तपासायचा, जन्मभर. आणि मार लागल्यावर विजा चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके, एका बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटणं, हे मागचा पडदा सुटल्याचं लक्षण. तिथं तासांचा हिशेब असतो.

वरती बघताना एकाची दोन माणसं दिसायला लागली, गाल बधिर झाला, तर डोळ्याखालचं पातळ हाड मोडलं असावं. नाक शिंकरायचं नाही. लहान मुलात तर डोळा वरून पांढरा स्वच्छ असतो आणि वर बघितलं की उलट्या होतात. पोट बिघडलं म्हणून औषध देत बसू नये, आत स्नायू अडकलेला असतो.

आता हे सगळं लिहायला मला आजच का बसावं लागलं, तर गळीत हंगाम सुरू झालाय. फडात टोळ्या आल्यात. पहाटे चारला उठून भाकऱ्या, सहाला उसात. उसाच्या पानाला दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असतात. कोयत्यानं बुडखा तोडताना वरचा शेंडा सपकन तोंडावर येतो. डोळ्याला ओरखडा पडला तरी कोयता थांबत नाही. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, दोघांवर मिळून उचल घेतलेली, एकानं बसायचं म्हणजे दोघांची मजुरी निम्मी.

गेल्या हंगामात अशीच एक बाई आली, बीडकडची, तिशीची. पान लागून अठरा दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी मुकादमानं "लालीचे थेंब" आणून दिले होते. तिनं पदराच्या गाठीतून बाटली काढून दाखवली. स्टेरॉइड. आधी लाली कमी झाली, बरं वाटलं, म्हणून तिनं ते सुरूच ठेवले. उसाच्या पानावर, पाचटावर बुरशी असते. ओरखड्यातून ती आत जाते, आणि स्टेरॉइड तिला मोकळं रान करून देतं. मी दिव्याखाली बघितलं तेव्हा बुबुळाच्या मधोमध राखाडी डाग, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, आजूबाजूला दोन बारके डाग, आणि आत तळाला पू साचलेला. नाटामायसिनचे, म्हणजे बुरशी मारणारे, थेंब तासातासाला, रात्रीसुद्धा. उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत, घड्याळ नसलेल्या बाईला मी हे सांगत होते. ती दोनदा आली. तिसऱ्यांदा टोळी दुसऱ्या गावाला गेलेली.

ती मला रोज आठवते असं नाही, पण ऊस दिसला की आठवते.

हे टाळता येतं. नेपाळमधल्या भक्तपूरला गावातल्या आरोग्य सेविकांनी घरोघर जाऊन ओरखडा पडलेल्या डोळ्यांना 1 टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचं, म्हणजे जंतू मारणारं, मलम दिवसातून तीनदा, फक्त तीन दिवस लावलं. 2001 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना 18 तासांच्या आत मलम मिळालं त्यातल्या एकाच्याही बुबुळावर चिघळलेली जखम, म्हणजे व्रण, झाला नाही. एक साधी ट्यूब. ओरखडा दिसतो कसा, तर आम्ही फ्लोरेसिनची पिवळी पट्टी ओली करून डोळ्याला लावतो आणि निळ्या उजेडात बघतो, जिथं साल निघालीय तिथं पोपटी रेघ चमकते. घरी एवढं नाही जमणार. पण पान, कुसळ, गव्हाची तूस, भाताचं फोलपट लागलं, आणि डोळा खुपत राहिला, उजेड सहन होईना, पाणी थांबेना, तर दुसरा दिवस उजाडायची वाट बघू नका. कुसळाला तर उलटे काटे असतात, ते चोळलं की आतच सरकतं. आमच्याकडे काही गावांत जिभेनं डोळ्यातला कचरा काढून देणाऱ्या बायका आहेत. माया असते त्यांची, पण तोंडातले जंतू ओरखड्यात जातात. अशा डोळ्याला घट्ट पट्टीही बांधायची नाही, ऊब मिळून जंतू वाढतात. आणि दुकानातून स्वतःच्या मनानं थेंब आणायचे नाहीत. वेल्डिंग करणारी मुलं रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं म्हणून बधिर करणारे थेंब आणून दोन-दोन तासांनी टाकतात. वेल्डिंगची जळजळ सहा-बारा तासांनी सुरू होते आणि दोनेक दिवसांत आपोआप बरी होते. ते थेंब मात्र बुबुळाला बरंच होऊ देत नाहीत.

घरी ओळखायची एक साधी रीत सांगते. चांगला डोळा तळहातानं झाका, लागलेल्या डोळ्यानं बोटं मोजायला सांगा. दोन्ही बाहुल्यांवर मोबाइलचा टॉर्च लांबून धरा, आकार आणि गोलाई सारखी आहे का बघा. एक फोटो काढा, पुढच्या डॉक्टरांना पाठवायला उपयोगी पडतो. पापणी सुजून बंद झाली असेल तर जोर लावून उघडू नका, आत फुटलेला डोळा असू शकतो, कप लावा आणि निघा. रेशन कार्ड आणि आधार घ्या, महात्मा फुले योजनेत डोळ्याच्या शस्त्रक्रिया आहेत. आणि पोलीस केस होईल म्हणून थांबू नका. फटाका, मारामारी, अपघात असेल तर सरकारी दवाखान्यात नोंद होते, ती कागदावर होते, उपचार त्यासाठी थांबत नाहीत. या दिवाळीत एक पंचविशीतला मुलगा न पेटलेल्या सुतळी बॉम्बवर वाकून बघायला गेला, तो तोंडावर फुटला, आणि पोलीस केसच्या भीतीनं तो दोन दिवस घरात बसून राहिला.

चुन्याच्या पोरीची आई काल येऊन गेली. डोळ्यावर पातळ पडद्याचं कलम लावलंय, अजून ती उजेडात डोळा उघडत नाही. आणखी दोन आठवड्यांनी कळेल म्हणालेत. आजी बाहेर बाकावर बसून होती, आत आलीच नाही. मी बाहेर जाऊन तिच्याजवळ बसले. तिनं विचारलं, "म्या तवाच नळाखाली धरली असती तर?" मी तिचा हात धरला आणि खरं तेच सांगितलं, की धरायला हवी होती, आणि हे तुम्हाला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, ते आमचं काम होतं.

रविवारी मी वरच्या मळ्यातल्या फडावर चाललेय. मलमाच्या चाळीस ट्यूब आणि साधे पारदर्शक चष्मे घेऊन. चष्म्यावर घाम धरतो, अर्धी माणसं तासाभरात काढून ठेवतात, हे मला माहीत आहे, तरी नेणार. मुकादमाला फोन केला तर म्हणाला, ताई, साडेपाचच्या आत या, एकदा माणसं उसात शिरली की बाहेर येत नाहीत. म्हटलं, पाचलाच येते.